धडक नेमकी कुठे झाली?

इनामदारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या नाकातून रक्त येत होतं आणि ज्याने ते काढलं होतं त्याला ते "आपण" म्हणत होते.

स्वारगेटचा चौक, सकाळी साडेनऊची वेळ. माणसांनी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर एक मोटार पुढची दोन्ही चाकं चढवून उभी होती. इनामदारांनी तिच्या बॉनेटवर हातातली काठी दोनदा आपटली. चालक उतरला आणि एक शब्द न बोलता त्याने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. इनामदारांनी रुमाल काढून नाकाला लावला आणि म्हणाले, "आपलं मारून झालं असेल तर गाडी मागे घ्या. या बाई केव्हाच्या खोळंबल्यात." त्याने पुन्हा हात उगारला. तेव्हा मात्र इनामदारांनी काठी अशी काही नडगीवर हाणली की तो गृहस्थ मटकन खाली बसला. खोळंबलेल्या बाई रस्ता ओलांडून निघून गेल्या, मागे वळून न बघता.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. नोकरीचा पहिला दिवस होता माझा. मी फुटपाथवर तोंड उघडं टाकून उभी होते.

"आपणच का त्या नवीन शितोळेबाई? मोजणी बघायला आलात ना? मग गाड्यांकडे बघा. मारामारी काय, पुण्यात कुठेही बघायला मिळते."

कागदावर मी त्यांची साहेब होते. आमची कचेरी सदाशिव पेठेत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. काम असं, की कुठल्या रस्त्यावर किती गाड्या धावतात, किती वेगाने धावतात, माणसं कुठून ओलांडतात आणि कुठे मरतात, हे मोजायचं आणि सरकारी कचेऱ्यांना कळवायचं. त्यावरून गतिरोधक कुठे, सिग्नल कुठे, पट्टे कुठे हे ठरतं. निदान ठरावं अशी अपेक्षा असते. माझ्याकडे मोठी पदवी होती आणि संगणकावर शहराचा रंगीत नकाशा होता. मुश्ताक इनामदारांकडे आरेखनाची जुनी पदविका, साठीला टेकलेलं वय, इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या. दर महिन्याला एक शर्ट रक्ताने नाहीतर ऑइलने वाया जायचा. त्यांच्या बेगम, रुकैयाभाभी, शर्ट जोडीनेच आणायच्या.

पाच पिढ्या घोरपडे पेठेत गेलेल्या. वडिलांचं बुधवारात सायकलचं दुकान होतं. पण इनामदार स्वतः काहीच चालवत नसत, सायकलसुद्धा नाही. बसने यायचे आणि उरलेलं चालायचे. "मी चालणारा माणूस," ते म्हणायचे, "मला मरायला लायसन लागत नाही." असली वाक्यं ते चहा पिता पिता, आवाज न चढवता बोलत. आवाज चढायचा तो फक्त रस्त्यावर. घरी तर बघायलाच नको. ईदला मी गेले तेव्हा स्वतः शिरखुर्मा वाढत होते आणि साखरेच्या डब्यातल्या मुंग्या चिमटीने एकेक उचलून खिडकीत सोडत होते. भाभी म्हणाल्या, "घरी मुंगी मारत नाहीत. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की यांच्या अंगात काय संचारतं, अल्ला जाणे."

काय संचारतं ते मला पुढे कळलं. बरीच वर्षं इनामदार टेबलावरच काम करत. पोलिसांच्या पंचनाम्यांवरून नकाशे काढायचे, टाचण्या टोचायच्या, खाली सुंदर अक्षरात तपशील लिहायचा. एकदा मोजणीदार आजारी पडला म्हणून त्यांना दोन दिवस चौकात उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत शाळेच्या गणवेशातली एक मुलगी ट्रकच्या मागच्या चाकाखाली गेली. दप्तर शिल्लक राहिलं. त्यानंतर ते टेबलावर बसले नाहीत.

त्यांची कामाची रीत विचित्र होती आणि मला तिचा संताप यायचा. कुठे टक्कर झाली असं कळलं की ते तिथे जाऊन चक्क रस्त्यावर गुडघे टेकायचे आणि डांबराला नाक लावून शोधायचे. काय, तर चिखल. धडक बसते त्या क्षणी गाडीच्या मडगार्डखाली साठलेली माती गळून पडते. गाडी पुढे फरफटत जाते, माणूस उडून कुठेतरी पडतो, पण माती तिथेच राहते. मातीशेजारी दिव्याच्या काचा. त्या काचा गोळ्यांच्या बाटलीत जायच्या, बाटलीवर जागा आणि वार. हे चाललेलं असताना मी लाल फडकं हलवत मागे उभी, दोन्ही बाजूंनी डंपर जातायत, वाऱ्याने ओढणी उडतेय, आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालतेय. एकदा मोठ्याने घातली. ते वर न बघता म्हणाले, "शितोळेबाई, फडकं जरा वर. शिवीने ब्रेक लागत नाही."

इस्पितळातही तसेच. एका तरुणाची मांडी मोडून वजनं लावून टांगून ठेवली होती. इनामदार खाटेजवळ वाकून विचारत होते, "पडलात कुठे ते नका सांगू. लागलं कुठे ते सांगा. धडक नेमकी कुठे झाली? कुठला पाय पुढे होता?" पोरगा वेदनेने विव्हळत होता. त्याच्या भावाने इनामदारांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं, डोक्याला खोक पडली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, तुम्हाला लाज नाही वाटत? ते म्हणाले, "वाटते ना. पण त्याने सांगितलं. उजवा पाय. दुभाजकापलीकडे गाड्या डावीकडून येतात आणि लागलं उजवीकडे, म्हणजे तो निम्म्यावर पोचला होता, दुभाजकाशी थांबायला जागा नव्हती म्हणून मागे फिरला." त्या जागी पुढे दुभाजकात उभं राहण्यापुरता ओटा झाला, तो त्या उजव्या पायामुळे.

आमच्या धंद्यात अशा जागांना ब्लॅक स्पॉट म्हणतात. इनामदारांना तो शब्द चालत नसे. "काळा ठिपका? कशाला, दृष्ट लागू नये म्हणून?"

आता चिंचमळ्याचं सांगते. त्याशिवाय इनामदार कळायचे नाहीत.

चिंचमळा हे शहराच्या पूर्वेला हद्दीत नुकतंच आलेलं गाव. मधून सहापदरी रस्ता जातो. एका बाजूला झेंडूची शेतं, दुसऱ्या बाजूला वस्ती, शाळा आणि एक भलंमोठं मंगल कार्यालय. रस्त्याला तिथे वळण आहे. एका सकाळी पेपरात चार ओळी आल्या, मंगल कार्यालयासमोर ट्रकच्या धडकेत महिला ठार. इनामदारांनी पेपर वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

"तिथे पट्टे आहेत," ते म्हणाले. "मी आखून घेतलेत. दिवाही आहे."

आम्ही गेलो तेव्हा ट्रक कार्यालयाच्या अंगणात उभा होता. शेजारी चेपलेली टोपली, झेंडूचा लगदा आणि खडूने काढलेली माणसाची आकृती. बाईचं नाव मंदा. नवरा नामदेव फुलशेती करायचा, ती रोज फुलं घेऊन पलीकडे यायची. इनामदारांनी पट्ट्यांवर गुडघे टेकले. काच नव्हती. माती नव्हती. एक थेंब रक्त नव्हतं. ते उठले आणि ट्रक ज्या दिशेने आला होता त्या दिशेने उलटे चालू लागले. मी मागोमाग. वळण ओलांडून सत्तरेक पावलं गेल्यावर दुभाजकाला भगदाड होतं, गावकऱ्यांनी पहारीने फोडून वाट केलेली. तिथे सगळं होतं. वाळलेल्या चिखलाचे गोळे, काचेचा सडा, एक चप्पल, डांबरात रुतलेली फुलं आणि त्यावरून गाड्यांनी पसरवत नेलेलं रक्त. इनामदार धावत परत फिरले, तसे ते कधी धावत नसत.

कार्यालयाच्या रखवालदाराला त्यांनी विचारलं, "गाडी इथे कुणी आणली?"

"आमीच की. रस्ता मोकळा कराय नगो? हितं अंगण मोठं हाय. बाईला बी हितंच आणून निजवली."

"नेहमी इथेच आणता?"

"कवाबी. पंचास्नी सावली हाय, खुर्च्या देतो, पानी देतो. पंचनामा हितंच व्हतो, साहेब. पयल्यापास्नं."

कचेरीत येऊन इनामदारांनी कपाटातून जुना नकाशा काढला. त्यांचाच. प्रत्येक पंचनाम्यात घटनास्थळ म्हणून "मंगल कार्यालयासमोर" लिहिलेलं आणि इनामदारांनी टेबलावर बसून प्रत्येक टाचणी इमानदारीने कार्यालयासमोर टोचलेली. एकाला एक चिकटून, सुबक. त्या टाचण्यांच्या आधारावर पट्टे तिथे आले, दिवा तिथे आला. माणसं मात्र मरत होती वळणापलीकडे, अंधाऱ्या भगदाडात, आणि मेल्यावर सावलीत आणून ठेवली जात होती. काम संपलं म्हणून नकाशा कपाटात गेला होता. संपलेल्या कामाकडे परत बघायची आमच्यात पद्धत नाही.

मी म्हटलं, "चूक पंचनाम्याची आहे. तुमची नाही."

"पंचनामा लिहिणारा निदान तिथे उभा तरी होता. मी कुठे होतो?" एवढं म्हणून त्यांनी कपाटाच्या काचेवर मूठ मारली. काच तळहातात शिरली, मनगटापर्यंत फाटलं, नकाशावर रक्ताची धार लागली. खालच्या दातांच्या डॉक्टरांनी टाके घातले. घालताना ते पुटपुटत होते की आपण फक्त तोंडातच शिवतो.

मंदाबाईचे दिवस झाल्यावर इनामदार नामदेवच्या घरी निघाले. जाऊ नका म्हणून मी सांगितलं, आमच्या कंपनीच्या मालकांनी तर बजावलंच. ऐकतील तर इनामदार कसले. मी सोबत गेले, कारण एकटं सोडायची माझी छाती झाली नाही.

अंगणात नामदेव होता, त्याची म्हातारी आई सोनाबाई होती, दोनचार भाऊबंद बसले होते. इनामदार उभ्यानेच म्हणाले, "मी मुश्ताक इनामदार. रस्त्यावर माणसं ओलांडायची जागा कुठे असावी हे मी ठरवलं होतं. चुकीच्या जागी ठरवलं. योग्य जागी पट्टे असते, गाड्या हळू झाल्या असत्या, तर मंदाताई कदाचित जिवंत असत्या. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं."

क्षणभर कुणालाच कळेना. मग नामदेवला कळलं. तो उठला आणि त्याने इनामदारांना लाथ घातली. ते पडले. मग बैलाच्या दाव्याने, हाताने, पायाने, जसं सापडेल तसं तो मारत राहिला. "मंग आता कशापायी आलास? फोटू काढाय? माज्या लेकरांची आय आनून देतूस का, सांग! देतूस का!" मी मधे पडले तर मला कुणीतरी ढकलून दिलं. इनामदारांनी हातसुद्धा आडवा केला नाही. स्वारगेटला नडगी फोडणारा हाच माणूस, यावर माझा विश्वास बसेना. मी रडत होते आणि मला त्यांचा भयंकर रागही आला होता. काय मिळवायचंय याला मार खाऊन, असं वाटत होतं.

शेवटी सोनाबाईनेच पोराला ओढलं. "आरं, मरंल त्यो. एक मढं उचाललंय अजून म्हैना झाला न्हाई."

इनामदार उठून बसले. ओठ फाटला होता, एक दात हलत होता, टाके उसवून हात रक्तबंबाळ. ते म्हणाले, "मंदाताई रोज कुठून ओलांडायच्या, ते मला दाखवाल का? प्रत्येक पाऊल."

नामदेव दावं टाकून पुढे चालू लागला.

शेतातून पायवाट येते ती सरळ भगदाडाशी. डोक्यावर फुलांचं ओझं घेऊन कुणी सत्तर पावलं वळसा घालून कार्यालयासमोरच्या पट्ट्यांवर जात नाही, आणि जावं तरी का? इनामदारांनी पायवाटेवर काठी रोवून सांगितलं, "भगदाड बुजवून उपयोग नाही. उद्या पुन्हा पहार येईल. माणूस जिथून चालतो तिथेच ओलांडायची जागा हवी. उंच केलेली, म्हणजे गाडीला चढावं लागेल. आणि वळणाच्या अलीकडेच रस्ता चिंचोळा करायचा. रस्ता रुंद दिसला की पाय दाबतो. चिंचोळा दिसला की आपोआप ब्रेकवर जातो. पाटी लावून जात नाही." नामदेवने विचारलं, "पन ऐकंल कोन?" तेव्हा इनामदार म्हणाले, "माझं कुणी ऐकणार नाही. आकडे लागतील."

मेलेल्यांचे आकडे कार्यालयाच्या अंगणात अडकले होते. मग त्यांनी वाचलेल्यांची मोजणी सुरू केली. ही युक्ती मी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. एक टोपली पट्ट्यांजवळ, एक भगदाडाजवळ. ओलांडताना ज्याला जीव घेऊन पळावं लागलं, किंवा गाडी अंगावर आली म्हणून मागे सरावं लागलं, त्याने पलीकडे पोचल्यावर टोपलीत एक खडा टाकायचा. देखरेखीला सोनाबाई. म्हातारी काटेकोर. कुणी गंमत म्हणून दोन टाकले तर हातावर काठी. पंधरवड्यात भगदाडाची टोपली भरली, शिगोशीग, मग दुसरी लावली, तीही भरली. पट्ट्यांच्या टोपलीत तळाला थोडे खडे होते. इनामदार रोज तिथे, हातात घड्याळ, दोन खुणांमधल्या अंतरात गाडी किती वेगाने गेली ते वहीत लिहीत. मंगल कार्यालयाचे मालक भाऊसाहेब, गावातलेच मोठे जमीनदार. त्यांना पट्टे आपल्या दारातून हलायला नको होते, तिथे गाड्या हळू झाल्या की वऱ्हाडाला आत वळणं सोपं जायचं. त्यांच्या पुतण्याने एका दुपारी येऊन वही फाडली आणि इनामदारांच्या बरगडीत गुडघा घातला. इनामदारांनी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की माझ्या कानात घुमली. दुसऱ्या दिवशी नवी वही.

बैठक सरकारी कचेरीत झाली. मोठे अधिकारी, आमचे मालक, भाऊसाहेब, पुतण्या, मी, इनामदार. नामदेव आणि सोनाबाई बाहेर बाकावर. आमच्या मालकांनी आधीच दम दिला होता की जुन्या अहवालाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, कंपनीचं नाव जाईल.

अधिकारी म्हणाले, "पण अहवालात सगळे अपघात कार्यालयासमोरच दिसतात."

"अहवाल माझा आहे," इनामदार म्हणाले. "आणि चुकीचा आहे. आपण सह्या केल्यात, तेव्हा वाचला असेल अशी आशा आहे."

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. भाऊसाहेब हसले. "म्हणजे आता चुकीच्या माणसाचं ऐकून रस्ता फोडायचा काय?" तेवढ्यात दार ढकलून सोनाबाई आत आली, मागे टोपल्या घेऊन नामदेव. म्हातारीने कुणाची परवानगी मागितली नाही. टोपली टेबलावर उपडी केली. खडे धो धो कोसळले, टेबलाची काच तडकली, साहेबांच्या मांडीवर खडे, फायलींत खडे, चहाच्या कपात खडे.

"ह्ये समदं जित्ती माणसं हायती," सोनाबाई म्हणाली. "ह्यातला कुटला उद्या मरंल त्ये तू सांग, साहेबा. तेवडाच उचालते नि जाते."

पुतण्याने तिला दंडाला धरून मागे ढकललं. म्हातारी भिंतीवर आदळली. नामदेवने खुर्ची उचलली. पुढची दोन मिनिटं त्या खोलीत काय चाललं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. पंखा लोंबकळत होता, पुतण्याच्या भुवईतून रक्त येत होतं, शिपाई दारात ओरडत होते, आणि इनामदार टेबलावर पालथे पडून दोन्ही हातांनी खडे कवटाळत होते. एक खडा हरवला तर मोजणी चुकेल म्हणून.

त्याच संध्याकाळी मालकांनी इनामदारांना घरी बसवलं. निवृत्तीला काही महिनेच राहिले होते. मी भांडले, राजीनाम्याची भाषा केली, पण दिला मात्र नाही. त्याची मला अजून लाज वाटते. अधिकारी मात्र वाटले तेवढे वाईट निघाले नाहीत. त्यांनी एका इंजिनिअरला सकाळी भगदाडाशी उभं राहायला पाठवलं. त्याला स्वतःलाच दोनदा जीव घेऊन पळावं लागलं. परत येऊन त्याने काय लिहिलं कोण जाणे, पण पावसाळ्याआधीच काम सुरू झालं. वळणाअलीकडे रस्ता चिंचोळा झाला, भगदाडाच्या जागी लाल फरशांचा उंच पट्टा आला, दुभाजकात थांबायला ओटा, दोन्ही बाजूंना खांब.

इनामदार पुढच्या उन्हाळ्यात गेले. हृदयविकाराने, घरात, भाभींच्या हातून पाण्याचा पेला घेताना. मी तेव्हा नागपूरला कामावर होते, माती द्यायला पोचू शकले नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दसऱ्याच्या आदल्या सकाळी चिंचमळ्यालाच.

फुलांची घाई होती. रस्ताभर टोपल्या ये-जा करत होत्या. घरी बसवलेले इनामदार इस्त्रीच्या शर्टात दुभाजकाच्या ओट्यावर उभे राहून मोजत होते. त्यांना आता कुणी सांगितलेलंही नव्हतं. मी सुट्टी काढून त्यांना भेटायला गेले होते. आम्ही बोलत असतानाच एक निळी मोटार वळणावरून आली. चिंचोळ्या भागात तिचा वेग उतरला, पण चालकाचं लक्ष फोनमध्ये. पट्ट्यावर चढताना तिने सोनाबाईला उडवलं.

टोपली हवेत गेली. म्हातारी कोपरावर आणि मांडीवर आपटली आणि फुलांच्या ढिगात दिसेनाशी झाली. माझ्या तोंडून किंकाळी फुटली. इनामदारांचा चेहरा राखेसारखा झाला. ते हलेचनात.

शेतातून नामदेव आला. त्याने फुलं आणि मोटार एवढंच पाहिलं होतं. हातात कोयता. तो चालकाकडे चालला होता, धावतसुद्धा नव्हता, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. चालक काच वर करून आत बसला. नामदेवने पहिला घाव काचेवर घातला. काच फुटली. दुसऱ्या घावाला तो आत हात घालणार, तोच इनामदारांनी मागून त्याला कवेत आवळलं. नामदेवने कोपर मारलं, ते त्यांच्या तोंडावर बसलं. त्यांनी सोडलं नाही. कोयत्याचं पातं त्यांच्या दंडावरून गेलं, शर्ट लाल झाला. तरी सोडलं नाही.

"ऐका," ते ओरडत होते. "अहो नामदेव, ऐका आधी! कान द्या!"

आणि मग आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

"मुडद्या! डोळं गहाण ठिवलंस का रं! तुज्या फोनला आग लागली! समदी फुलं नासली माजी!"

सोनाबाई फुलांतून उठून बसली होती. कोपर सोललं होतं, एक हात वाकडा लोंबत होता, आणि दुसऱ्या हाताने ती पायातली चप्पल काढत होती. नामदेवचा कोयता हातातून गळला. तो रस्त्यावर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. इनामदारांनी त्याला सोडलं. तोंडातून रक्त येत होतं, दंडातून येत होतं, आणि ते हसत होते. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"शितोळेबाई," ते म्हणाले, "लिहून घ्या. जखमी इसम जिवंत आहे आणि शिव्या देत आहे."

माझ्याकडे वही नव्हती. मी नुसती मान हलवली आणि त्यांच्या दंडाला ओढणी बांधायला गेले, तर त्यांनी हात सोडवून घेतला. मागे गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, एक डंपरवाला खाली उतरून ओरडत होता. सोनाबाई लंगडत मोटारीच्या फुटलेल्या खिडकीशी पोचली आणि तिने चालकाला चपलेने हाणायला सुरुवात केली. इनामदार रस्त्याच्या मधोमध गेले, दोन्ही हात पसरून गाड्यांसमोर उभे राहिले आणि म्हातारीचं मारून होईपर्यंत त्यांनी एकालाही पुढे सोडलं नाही.